पाणी कोणत्या मितीत असतं?

‘खाली पानी हाये. फक्त खोलात जा लागते.’

वरूड तालुक्यातल्या कुठल्याही गावात, पारावर, चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या पंगतीत हे वाक्य ऐकायला मिळतंच. लहानपणापासून मी ते इतक्यांदा ऐकलंय की मला ते भूगोलाच्या पुस्तकातलंच वाटायचं. माझा हा लेख या एका वाक्याच्या विरोधात आहे. साक्षीला मी गणिताला बोलावणार आहे, आणि तेही आपल्या सिलॅबसमध्ये नसलेल्या गणिताला. मित्रहो, लगेच पान उलटू नका! सूत्रं फार नाहीत.

आधी घरची गोष्ट सांगते. २०१९ चा उन्हाळा. मी तेव्हा शाळेत होते. आमची साडेतीन एकर संत्र्याची बाग, चारशेच्या आसपास झाडं. पहिला बोअर २५० फुटांचा, तो आधीच आटलेला. दुसरा ४८० फुटांचा, तो मार्चमध्ये गेला. एप्रिलमध्ये बाबा आणि मोठे बाबा यांनी मिळून तिसरा मारला, ७०० फूट. रात्री दोन वाजता पाणी लागलं. गढूळ फवारा वर उडाला तेव्हा सगळे त्यात भिजत उभे होते. दोन इंच पाणी! मोठ्या बाबांनी नारळ फोडला. विसाव्या दिवशी मोटर नुसती हवा ओढायला लागली.

आता यातलं कोडं बघा. धुऱ्यापलीकडच्या शेतात, आमच्या बोअरपासून साठ फुटांवर, शेजाऱ्यांचा जुना १८० फुटांचा बोअर जून उजाडेपर्यंत चालला. त्याला काहीच झालं नाही. पण आमचा तिसरा बोअर सुरू झाल्यावर नाल्यापलीकडची, अर्धा किलोमीटर दूरची एक विहीर मात्र आठ-दहा दिवसांत बसली. त्या घरच्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. जवळच्याला धक्का नाही आणि दूरच्याला फटका, असं कसं? पाणाड्या म्हणाला, ‘नशीब.’ त्या वर्षी आमची दीडशेवर झाडं वाळली. आईच्या पाटल्या बँकेत गेल्या आणि वर्षभर आमच्या चुलीत संत्र्याचं लाकूड जळलं.

‘नशीब’ हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण दुसरं उत्तर मिळायला मला इंजिनिअरिंगला यावं लागलं, आणि तिथेही ते वर्गात नाही, लायब्ररीतल्या एका धूळ खात पडलेल्या पुस्तकात मिळालं. विषय होता मिती.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘मिती’ हा शब्द मला आधी भेटला तो आबाजींच्या वहीत. वहीच्या प्रत्येक पानावर वर ‘मिती वैशाख शुद्ध ३’ असं काहीतरी आणि खाली ‘विहीर ११ हात’. पुढे कुठेतरी ‘त्रिमितीय’ वाचलं आणि माझा गोंधळ उडाला. आजोबा विहिरीची डायमेन्शन का लिहून ठेवायचे? आई हसली. म्हणाली, ‘अगं, मिती म्हणजे तिथी!’ पण आता वाटतं की माझी चूक फार मोठी नव्हती. दोन्ही शब्दांचं मूळ मोजण्यातच आहे.

तर मिती म्हणजे काय? आपण शाळेत पाठ करतो : रेघेला लांबी म्हणून मिती एक, कागदाला लांबी-रुंदी म्हणून दोन, विटेला उंचीही आहे म्हणून तीन. झालं! पण दुसऱ्या पद्धतीनेही मोजता येतं. आपल्या बर्फीचंच घ्या. बर्फीची एक लांब पट्टी आहे. तिचे निम्म्या लांबीचे तुकडे केले तर होतात २. चौकोनी थाळी दोन्ही बाजूंनी निम्मी कापली तर होतात ४. आणि ठोकळा तिन्ही बाजूंनी निम्मा कापला तर ८. म्हणजे २ चा पहिला घात, दुसरा घात, तिसरा घात. हा जो घात, तीच मिती. किती पट बारीक केलं आणि किती तुकडे मिळाले, यांचं नातं म्हणजे मिती. अशी व्याख्या केली की एक दार उघडतं, कारण घात पूर्णांकच असला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

१९०४ साली स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉख यांनी एक वक्ररेषा मांडली. सरळ रेघ घ्यायची, तिचे तीन भाग करायचे, मधला काढून तिथे तंबूसारख्या दोन रेघा उभ्या करायच्या. आता झाल्या चार रेघा, प्रत्येक मूळच्या एक तृतीयांश. प्रत्येकीवर पुन्हा तेच, पुन्हा तेच... कधीही न थांबता. इथे तीन पट बारीक केलं तर तुकडे मिळतात ४. रेघ असती तर मिळाले असते ३, आणि पृष्ठभाग असता तर ९. चार मधेच! म्हणजे मिती साधारण १.२६. रेघेपेक्षा जास्त, कागदापेक्षा कमी. १९१८ मध्ये जर्मन गणिती फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी अशा अपूर्णांकी मितीला पक्का पाया दिला. पुढे बेनुआ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये अशा आकारांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं. लॅटिनमधल्या ‘फ्रॅक्टस’ म्हणजे तुटलेला, या शब्दावरून. तुटलेला दगड डोळ्यांसमोर आणा, नाव किती चपखल आहे ते कळेल.

तुम्ही म्हणाल, ही सगळी कागदावरची करमणूक. तसं नाही. आपल्याच सरकारच्या कागदपत्रांत याचा पुरावा आहे. शाळेत आपण महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर अशी पाठ केली. केंद्राच्या जुन्या तक्त्यात ती ६५२.६ किलोमीटर होती. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती झाली ८७७.९७! अख्ख्या देशाचा किनारा ७,५१६.६ किलोमीटरवरून ११,०९८.८१ वर गेला. समुद्राने काही नवीन जमीन दिली नाही. जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून होती, नवी १:२,५०,००० च्या. म्हणजे अठरा पट बारीक पट्टी. पट्टी बारीक झाली की आधी सुटलेल्या खाड्या, वळणं, सुळके मोजणीत येतात आणि लांबी वाढते. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन यांना हे आधीच दिसलं होतं. त्यांनी पाहिलं की स्पेन आणि पोर्तुगाल आपल्या एकाच सीमेची लांबी वेगवेगळी सांगतात, एक ९८७ किलोमीटर, दुसरा १,२१४. त्यांच्याच आकड्यांवरून मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ‘ब्रिटनचा किनारा किती लांब आहे?’ असं विचारणारा प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला.

मी आपल्या किनाऱ्याचं गणित कॅलक्युलेटरवर करून पाहिलं. पट्टी अठरा पट बारीक, लांबी १.३५ पट. यावरून महाराष्ट्राच्या किनाऱ्याची मिती येते सुमारे १.१, आणि कच्छ-खंबातच्या आखातांमुळे गुजरातची सुमारे १.२. हा अंदाज ढोबळ आहे, कारण मोजणीची पद्धतही मधे बदलली. पण मुद्दा लक्षात घ्या. ‘किनारा किती लांब?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘कोणत्या पट्टीने?’ हे आधी विचारावं लागतं.

वरूडपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, मग मी किनाऱ्यावर का गेले? कारण आमच्या पायाखाली जे आहे तेही असंच वेडंवाकडं आहे, फक्त ते दिसत नाही. आमचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र. मधला भाग घट्ट आणि भेगाळलेला. घट्ट दगडाच्या आत पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं भेगांत, दोन थरांच्या सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमात. मोठ्या भेगेला छोट्या भेगा फुटतात, त्यांना आणखी बारीक...

गेल्या मे महिन्यात आबाजींची जुनी विहीर पूर्ण कोरडी होती. काठावर उभं राहून मी मोबाईलवर आतल्या उघड्या दगडाचा फोटो घेतला. प्रिंट काढून त्यावर आलेख-कागद ठेवला आणि भेगा पेन्सिलीने उतरवल्या. मग मोजलं, किती चौकटींतून भेग जाते? मोठ्या चौकटी १२ निघाल्या. चौकटी निम्म्या केल्या तेव्हा ३४, पुन्हा निम्म्या केल्या तेव्हा ९७. भेगा म्हणजे साध्या रेघा असत्या तर संख्या दरवेळी दुप्पट झाली असती, आणि सगळा दगड भेगांनी भरला असता तर चौपट. झाली पावणेतीन पटीहून थोडी जास्त. म्हणजे मिती साधारण दीड! एका फोटोवरून काढलेला हा आकडा, याला शास्त्र म्हणू नका, गृहपाठ म्हणा. पण विहिरीच्या काठावर उकिडवं बसून चौकटी मोजताना मला पहिल्यांदाच कळलं की आपण हे गणित का शिकतो.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘खाली पानी हाये’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय असतं? खाली एक मोठं तळं, तीन मितींचं, काठोकाठ भरलेलं. स्ट्रॉ जितकी खोल, तितका रस जास्त. पण भेगाळ दगड हा तळ्यासारखा नाही, तो मेंगरच्या स्पंजासारखा आहे. १९२६ मध्ये कार्ल मेंगर यांनी मांडलेला हा आकार असा : ठोकळ्याचे २७ छोटे ठोकळे करायचे, सहा बाजूंच्या मधले सहा आणि अगदी आतला एक, असे सात काढून टाकायचे. उरलेल्या वीसांपैकी प्रत्येकावर पुन्हा तेच. दहा वेळा केलं की मूळ घनफळापैकी उरतं फक्त ५ टक्के, आणि पृष्ठभाग मात्र वाढतच जातो. मिती २.७३. आमच्या दगडात उलट आहे, तिथे थोडी आहे ती पोकळी. पण धडा तोच. बाहेरून अवाढव्य दिसणाऱ्या गोष्टीत प्रत्यक्ष साठा अगदी किरकोळ असू शकतो.

किती किरकोळ? देशाच्या भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या निकषांत वाळूच्या गाळाच्या जमिनीतून निघू शकणारं पाणी १६ टक्के धरलं आहे, आणि झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टमधून फक्त २ टक्के. एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर वाळूतून मिळतील १६ लाख लिटर, आमच्या दगडातून २ लाख. एका हेक्टरमध्ये ६ बाय ६ मीटरवर २७७ झाडं बसतात. भर उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला १०० लिटर धरा. दोन लाख लिटर पाणी सात दिवसांत संपतं. पूर्ण एक मीटर पातळी, एका हेक्टरसाठी, फक्त एक आठवडा! वरूड आणि मोर्शी ही नावं अतिशोषित तालुक्यांच्या यादीत का आली, त्याचं उत्तर या एका गुणाकारात आहे. गावात त्याला ड्रायझोन म्हणतात आणि पुढचा बोअर मारतात.

आणि त्या साठ फुटांच्या कोड्याचं काय? विहिरीकडे पाणी कसं येतं, यासाठी सिव्हिलवाले थीमचं १९०६ चं सूत्र शिकतात. त्यात पाणी चहूबाजूंनी सारखं, गोल थाळीतून मध्याकडे यावं तसं येतं असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे प्रवाहाची मिती दोन. १९८८ मध्ये जे. ए. बार्कर यांनी खास भेगाळ दगडासाठी एक नवं मॉडेल मांडलं. त्यात प्रवाहाची मिती एक, दोन, तीन किंवा मधली कुठलीही असू शकते! मिती एकच्या जवळ असेल तर पाणी चहूबाजूंनी येत नाही, एखाद्या लांब भेगेतून नळीतून यावं तसं येतं. मग त्या भेगेवर अर्धा किलोमीटर दूर असलेली विहीर आमची सख्खी बहीण, आणि भेगेबाहेर साठ फुटांवरचा बोअर परका. २०१९ मध्ये आमच्याकडे जे झालं ते असंच काहीतरी असणार.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गोल थाळीच्या बाबतीत, उपसा चालू ठेवला तरी पातळी उतरण्याचा वेग हळूहळू मंदावतो, काळाच्या लॉगॅरिदमप्रमाणे. मिती एक असेल तर उतार काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत जातो. सोप्या भाषेत, पहिल्या तासाला दिसलेलं पाणी विसाव्या दिवसाबद्दल फारच कमी सांगतं. ‘दोन इंच लागलं’ म्हणून आम्ही नारळ फोडला, ती परीक्षा तासाभराची होती. बाग मात्र वर्षभराची आहे.

काही जण म्हणतील, फ्रॅक्टल हे फॅड आहे, प्रत्येक गोष्टीला चिकटवतात. थोडं बरोबर आहे. खरा दगड म्हणजे कॉखची रेषा नव्हे. ठरावीक मापांच्या आतच तो तसा वागतो, त्याखाली आणि त्यावर नियम मोडतो. दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला. मी जेवताना हे सगळं समजावत होते, तेव्हा बाबा म्हणाले, ‘मंग तुह्या गणितानं पानी येईन काय?’ नाही येणार. पाऊस कमी, झाडं जास्त आणि उपसा बेसुमार, हे मूळ दुखणं आहे आणि ते कुठल्याही मितीत तेच राहतं. पण चुकीचं चित्र डोक्यात असलं की माणूस चुकीच्या गोष्टीवर पैसे लावतो. तिसऱ्या बोअरचे पैसे आम्ही एका चित्रावर लावले होते. ते चित्र तळ्याचं होतं, आणि खाली तळं नव्हतंच.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा जास्त विहिरीला खोल विहीर मानलं आहे आणि शेतीसाठी तिला मनाई आहे. आमचा बोअर ७०० फुटांचा. हे लिहिताना घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडल्यासारखं वाटतंय, पण गावात आम्ही काही एकटे नाही. कायदा माहीत नसतो असंही नाही. तो पटत नाही. कारण डोक्यात तळं असतं, आणि तळ्याला कुणी २०० फुटांची मर्यादा का घालावी? चित्र बदललं तर कदाचित कायदाही पटेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा. पहिली, आपल्या दुसऱ्या वर्षाच्या मॅथ्समध्ये मितीवर निदान चार तास असावेत. तीन वर्षं आपण गुळगुळीत वक्ररेषांचे डेरिव्हेटिव्ह काढतो, पण भेग, नदी, झाडाची फांदी, ढग यांतलं काहीच गुळगुळीत नसतं, हे कुणी सांगत नाही. सिलॅबस विद्यापीठ ठरवतं हे मला माहीत आहे, पण एक प्रॅक्टिकल कॉलेजही घेऊ शकतं. आलेख-कागद, पेन्सिल आणि फोटो, खर्च दहा रुपये. दुसरी, बोअर झाल्यावर तासाभराच्या फवाऱ्यावर खूश न होता दोन दिवस उपसा करून दर तासाला पातळी लिहायची सवय गावोगाव लागली पाहिजे. हे काम इंजिनिअरिंगची पोरं सुट्टीत फुकट करू शकतात. तिसरी मागणी सगळ्यात अवघड आहे. भेग धुरा ओळखत नाही. ज्यांच्या विहिरी एकाच भेगेवर आहेत त्यांना उपसा एकत्र बसूनच ठरवावा लागेल. भाऊ असोत किंवा अबोला असो.

यंदा बाबांनी चौथ्या बोअरची गोष्ट काढली तेव्हा मी आबाजींची वही पुढे केली. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पानांवर वैशाखातही विहिरीत अकरा-बारा हात पाणी. बाबा बराच वेळ पानं उलटत राहिले. काही बोलले नाहीत. बोअरवाल्याला त्यांनी अजून फोन केलेला नाही, एवढंच सांगू शकते. नाल्यापलीकडच्या काकूंकडे मात्र मी परवा जाऊन आले. त्यांच्या विहिरीत दर रविवारी दोरी सोडून पाणी मोजलं तर चालेल का, असं विचारलं. त्या आधी चकित झाल्या, मग म्हणाल्या, ‘मोज ना बाई, तेवढ्यानं काय जाते आमचं.’

आता माझ्याकडे दोन विहिरींची वही आहे, दर पानावर वर मिती. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तुम्हीही एक सुरू करा. दोरी, दगड आणि वही, एवढंच लागतं. वर्षभराचे आकडे हाती आले की आपण शेजारी बसून बघू, कोणाची विहीर कोणाच्या भेगेवर आहे ते.